स्वस्त मँडोलिनवरचा जुना लेप

माळ्यावरची ट्रंक खाली उतरवली की तिच्यासोबत कधी कधी एखादे जुने वाद्यही खाली येते. तारा गंजलेल्या, घोडी हरवलेली, अंगावरचा रंग जागोजागी तडकलेला. असे मँडोलिन हाती आले की घरातल्या उत्साही तरुणाच्या मनात पहिला विचार येतो तो काचकागदाचा. सारे खरवडून काढावे आणि नवे पॉलिश चढवावे! विचार वाईट नाही. मात्र हात चालवण्यापूर्वी त्या लेपाचा इतिहास ऐकून घ्यावा, कारण पुसलेला लेप परत येत नाही.

मँडोलिनचे मूळ इटलीत. तिथल्या भाषेत बदामाला ‘मांदोर्ला’ म्हणतात, आणि वाद्याचा बदामी आकार पाहून नावाचा संबंध त्या शब्दाशी जोडला जातो. अठराव्या शतकात नेपल्स शहरात व्हिनाच्या घराण्यातील कारागिरांनी या वाद्याला त्याचे परिचित रूप दिले. व्हेनिसच्या ‘पिएता’ या अनाथ मुलींच्या आश्रमात संगीत शिकवणारे धर्मगुरू अंतोनिओ विवाल्दी यांनी त्यासाठी कॉन्चेर्तो रचले. १७८७ साली मोझार्टच्या ‘दोन जोव्हान्नी’ या संगीतिकेत खिडकीखालच्या गीताला मँडोलिनचीच साथ लाभली. पुढे १८३५ च्या सुमारास पास्क्वाले व्हिनाच्या यांनी वाद्याची बांधणी मजबूत करून त्यावर पोलादी तारा चढवल्या, असे मानले जाते. सूर खणखणीत झाला, आणि पाठोपाठ लाकडावरचा ताणही वाढला. आजही या वाद्याच्या आठ तारांचा एकूण ताण साधारण सत्तर-ऐंशी किलोंच्या भाराइतका असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाखो इटालियन माणसे पोटासाठी अमेरिकेत गेली. मँडोलिनही तिकडे पोहोचले आणि त्याची लाट उसळली. मिशिगनमधील कालामझू येथील ऑर्व्हिल गिब्सन यांनी व्हायोलिनसारखी कोरलेली तबकडी बसवून १८९८ साली आपल्या मँडोलिनचे पेटंट घेतले. ती वाद्ये महाग होती. सामान्य कुटुंबांची गरज भागवली ती शिकागोच्या कारखान्यांनी. १८९२ साली स्थापन झालेली ‘हार्मनी’ ही त्यांपैकी मोठी कंपनी. ‘सिअर्स’ या टपालाने माल विकणाऱ्या पेढीने १९१६ साली ती विकत घेतली. छापील सूची चाळायची, टपालाने पैसे पाठवायचे, आणि शेतावरच्या घरात वाद्य हजर! १९७५ साली हा कारखाना बंद पडला, पण त्याची वाद्ये जुन्या बाजारात अजूनही फिरत आहेत.

स्वस्त वाद्याचे गुपित त्याच्या रंगात असते. बर्च, पॉप्लर यांसारखे साधे लाकूड घ्यायचे आणि त्यावर महागड्या शिसवीच्या रेषा रंगवायच्या, किंवा मध्ये पिवळी आणि कडेला काळपट होत जाणारी छटा फवारायची, ही तेव्हाची सर्रास पद्धत. कडेच्या काळ्या छटेखाली सांध्यांतले दोष सहज झाकले जात. म्हणूनच असा रंग खरवडणाऱ्याच्या पदरी पुष्कळदा निराशा येते. आत देखणे लाकूड नसते, असतात त्या गाठी, लांबी आणि एकमेकांशी न जुळणारे दोन तुकडे. गरिबाने सणाला घातलेला तो एकुलता एक चांगला अंगरखा होता, हे तो फाडल्यावर कळते.

या अंगरख्याचा धागा आपल्या देशापर्यंत पोहोचतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या कारागिरांत रूढ झालेले ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा. हा चपडा भारताच्या जंगलांतून जाई. पळस, बोर, कोशिंब या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे इवलेसे किडे बसतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच तयार करतात. आजच्या झारखंड आणि छत्तीसगडमधील आदिवासी कुटुंबे त्या फांद्या तोडून लाख खरवडतात. ती धुऊन लांब कापडी पिशवीत भरायची, कोळशाच्या धगीसमोर पिशवी पिळायची, आणि गळालेला गरम रस हातांनी, पायांनी, प्रसंगी दातांनी धरून पापडासारखा ताणायचा, अशी चपडा बनवण्याची परंपरागत रीत. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली, यावरून या व्यापाराचे महत्त्व ध्यानात यावे. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही याच लाखेच्या. वाद्याच्या अंगावर लाख आणि त्याचा सूर साठवणाऱ्या तबकडीतही लाख! ज्या हातांनी ती ताणली त्यांची नावे मात्र कुठल्याच सूचीत छापली गेली नाहीत.

१९२३ च्या सुमारास अमेरिकेत मोटारगाड्यांसाठी झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोजचा लेप आला, आणि वाद्यांच्या कारखान्यांनी तो लवकरच उचलला. त्यानंतर पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचे जाड, काचेसारखे थर आले. आजची बहुतेक स्वस्त मँडोलिने या शेवटच्या प्रकारची आहेत.

तेव्हा पहिले काम ओळख पटवण्याचे. तारा सैल करून काढाव्यात. घोडी चिकटवलेली नसते, ती केवळ तारांच्या दाबाने उभी असते. म्हणून आधी तिची जागा पेन्सिलीने टिपून ठेवावी. मग तारा अडकवण्याच्या पत्र्याखाली, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा थेंब लावावा. लेप चिकट झाला तर तो चपडा. स्पिरिटने काही झाले नाही पण थिनरने तो मऊ पडला तर नायट्रोसेल्युलोज. दोहोंनाही दाद देत नसेल तर नव्या जमान्याचा जाड थर.

चपड्याचा जुना लेप निघाला तर खरवडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ओलसर फडक्याने मळ पुसावा आणि वरून नव्या चपड्याचा पातळ हात द्यावा. नवा चपडा जुन्यात विरघळून एकजीव होतो. हा गुण नंतरच्या जाड थरांत नाही. खरवडायचेच असेल तर ते नव्या, स्वस्त, जाड लेपाचे वाद्य असावे. तो थर गरम हवेने मऊ करून बोथट पत्तीने उचलता येतो. मात्र उष्णतेने सरसाचे सांधे सुटतात, आणि कडेची पट्टी सेल्युलॉइडची असेल तर ती पेट घेते. पुढे २२० आणि मग ३२० क्रमांकाचा काचकागद लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा. प्लायवुडचा वरचा पापुद्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. अर्ध्या तासाचा अतिउत्साह तो पार करून जातो.

रंग विरघळवणाऱ्या द्रवांबाबत विशेष इशारा द्यावासा वाटतो. त्यांतील मिथिलीन क्लोराइडच्या वाफेने बंद खोलीत काम करणाऱ्या माणसांचे प्राण गेले आहेत. अमेरिकेने २०१९ साली घरगुती वापरासाठी अशा द्रवांच्या विक्रीवर बंदी घातली. एका वाद्यासाठी एवढी जोखीम कोणी घेऊ नये.

नव्या लेपासाठी लिटरभर स्पिरिटला सुमारे २४० ग्रॅम चपडा या प्रमाणात द्रावण करावे, रात्रभर ठेवून गाळावे आणि मलमलीत बांधलेल्या कापसाच्या पुरचुंडीने पातळ थर द्यावेत. खिडक्या उघड्या असाव्यात, विस्तव दूर असावा. थर वाळल्यावर दोन आठवडे वाट पाहावी, मगच तारा चढवाव्यात.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मँडोलिनला मानाचे स्थान मिळवून देणाऱ्यांत सज्जाद हुसेन होते. लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्यापूर्वी मँडोलिनवादक म्हणूनच उभे राहिले. त्यांचे जोडीदार प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोव्याहून आलेल्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेले कित्येक वादक त्या वाद्यवृंदांत होते, आणि श्रेयनामावलीत त्यांतल्या बहुतेकांची नावे आली नाहीत. लाख ताणणाऱ्या हातांचीही गत तीच.

म्हणून वाटते, माळ्यावरचे मँडोलिन दुरुस्त जरूर करावे, ते पुन्हा वाजावे. पण आजोबांच्या मनगटाने झिजलेली ती एक जागा तेवढी राहू द्यावी. घरात त्यांची सही कदाचित दुसरीकडे कुठेच उरलेली नसेल.