अठ्ठावीस टक्क्यांचा जोडा

पायाला काटा बोचू नये, एवढीच जोड्याकडून पूर्वी अपेक्षा असे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत त्याच्याकडे तालीममास्तराचे काम सोपविण्यात आले. तळ फुगीर वा गोलाकार केला की तोल किंचित डळमळतो. तो सावरताना स्नायूंना अधिक श्रम पडतात. सबब नुसते चालण्यानेच अंग घाटदार होते, असा हा युक्तिवाद.

रीबॉक कंपनीने जाहीर केले की, 'ईझीटोन' जोड्यांनी नितंबांचे स्नायू २८ टक्के अधिक बळकट होतात. 'पुष्कळ' म्हटले असते तर लोक हसले असते; २८ म्हटल्यावर कोणीतरी मोजलेच असणार! मोजले होते, हेही खरे. त्या चाचणीत अवघ्या पाच जणी होत्या आणि त्या ५०० पावले चालल्या होत्या. पण त्या घटकेला स्नायू किती काम करतो आणि पुढे तो किती बळकट होतो, ह्या दोन गोष्टी भिन्न होत. जाहिरातीने एकीचा आकडा दुसरीच्या नावावर मांडला. २०१० साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस शाखेतील तपासणीत असे जोडे आणि साधे जोडे यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

स्केचर्स कंपनीच्या 'शेप-अप्स'ची गोष्ट अधिक खेदाची. त्यांची शिफारस करणारा एक वैद्यक-व्यावसायिक 'स्वतंत्र' अभ्यासाचा हवाला देई. त्या अभ्यासासाठी कंपनीनेच त्याला पैसे दिले होते आणि त्याची पत्नी कंपनीच्या विपणन विभागात अधिकारी होती, असा फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता.

ह्या कमिशनला असा जाब विचारता आला, यामागे जुना इतिहास आहे. 'मार्मोला' नावाच्या, लठ्ठपणा घालविणाऱ्या औषधाच्या जाहिराती त्याने अडविल्या, तेव्हा १९३१ साली सर्वोच्च न्यायालयाने विचारले : प्रतिस्पर्धी व्यापाऱ्याचे नुकसान कोठे सिद्ध झाले? गोळ्यांत थायरॉइड ग्रंथीचा अर्क होता. गिऱ्हाइकाच्या जिवाचे काय, हा प्रश्न त्या कायद्यात बसत नव्हता. तो १९३८ च्या व्हीलर-ली दुरुस्तीने बसविला. गिऱ्हाइकाची फसवणूक हाच तेव्हापासून पुरेसा गुन्हा ठरला.

त्याच आधारावर २०११ मध्ये रीबॉकने अडीच कोटी आणि २०१२ मध्ये स्केचर्सने चार कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. आरोप मात्र दोघींनीही मान्य केले नाहीत. स्केचर्सचे असे जोडे घेतलेल्या पाच लाखांवर गिऱ्हाइकांना २०१३ साली टपालाने धनादेश गेले.