तबकडीच्या बारा बाजू

ग्रामोफोनच्या काळात ‘आल्बम’ हा शब्द अक्षरशः खरा होता. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचे गाणे मावे. म्हणून अधिक काही ऐकवावयाचे तर अनेक तबकड्या छायाचित्रांच्या वहीप्रमाणे एकत्र बांधाव्या लागत. अमेरिकेत व्हिक्टर कंपनीने १९४० साली असे दोन संच प्रसिद्ध केले. प्रत्येकात तीन तबकड्या, म्हणजे एकूण बारा बाजू. आणि गाणी अकरा, कारण त्यांतील एकाने दोन बाजू व्यापल्या होत्या. संचांचे नाव होते ‘डस्ट बोल बॅलड्स’, म्हणजे धुळीच्या मुलखाची गीते. कवी आणि गायक एकच होता : वुडी गथ्री.

या धुळीला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, तेव्हा अमेरिकेच्या मैदानी मुलखात विस्तीर्ण गवताळ माळ नांगरले गेले. १९३० नंतर पावसाने पाठ फिरविली आणि गवताच्या मुळांचा आधार तुटलेली माती वाऱ्यावर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ च्या वादळाने तर भर दिवसा काळोख केला; ‘काळा रविवार’ या नावाने तो दिवस ओळखला जातो. गथ्री तेव्हा टेक्ससमधील पॅम्पा गावी राहत होता. पुढे तोही कॅलिफोर्नियाला गेला, लॉस एंजलिसच्या नभोवाणीवर गाऊ लागला आणि निर्वासित शेतमजुरांच्या छावण्या त्याने जवळून पाहिल्या.

या गीतांचे महत्त्व केवळ करुणेत नाही. ती साक्ष देतात. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजलिसच्या पोलीसप्रमुखाने १३६ शिपाई राज्याच्या सीमेवर धाडून निर्धन माणसांना परत लावण्याचा उद्योग केला होता. ‘डो रे मी’ हे गाणे अशाच अनुभवावर उभे आहे. ही अक्षरे म्हणजे पाश्चात्त्यांची सरगम. परंतु ‘डो’ म्हणजे बोलीभाषेत पैसाही. खिशात ही सरगम नसेल तर या नंदनवनात येऊ नका, असे गायक हसत हसत बजावतो. निर्धनाला राज्यात आणणे हा गुन्हा ठरविणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९४१ च्या नोव्हेंबरात रद्द केला. त्याचे श्रेय गाण्याला देणे हा भाबडेपणा होईल. परंतु दारातून परत फिरविलेल्या माणसाचा अपमान कसा असतो, हे न्यायनिर्णयापेक्षा गाण्यातच अधिक कळते.

दुसरे एक गाणे जुन्या भक्तिगीताला दिलेले उत्तर आहे. हे जग आपले घर नव्हे, खरे घर स्वर्गात, असा धीर ते भक्तिगीत देई. गथ्रीने त्याचा साचा घेतला आणि अर्थ उलटविला : घर या जगात नाही, कारण ते कोणीतरी काढून घेतले आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कॅलिफोर्नियात आलेले बहुसंख्य लोक प्रत्यक्ष धुळीच्या पट्ट्यातले नव्हते. ते ओक्लाहोमा, टेक्सस, आर्कान्सा, मिसूरी या राज्यांतील अन्य भागांतून आले होते, आणि त्यांत कापूस पिकविणारी कुळे पुष्कळ होती. भाव कोसळले, ट्रॅक्टर आले आणि पुष्कळ कुळांच्या पायांखालची जमीन गेली. तेव्हा संचाच्या नावाने सारा दोष निसर्गावर जातो की काय, अशी शंका येते. तिचे निरसन आतील गीतेच करतात. एका गाण्यातला शेतकरी म्हणतो की धूळ मला मारू शकणार नाही. पण ट्रॅक्टरने माझे घर नेले, हेही तो सांगून टाकतो. दुसऱ्यात, हाती शस्त्र घेऊन गरिबांना हुसकावणारा हा स्वयंघोषित रखवालदार कोण, असे पुनःपुन्हा विचारले जाते. वेष्टणावर निसर्गाचे नाव आहे, पण गाण्यांचा रोख माणसांवर आहे.

१९५० मध्ये फोकवेज या लहान कंपनीने यांतील गाणी पुन्हा काढली. व्हिक्टरच्या वारसदार कंपनीला मात्र त्यासाठी १९६४ साल उजाडावे लागले. तेव्हा, पूर्वी जागेअभावी गाळलेली दोन गाणीही तिने घातली. गथ्री त्या वेळी मज्जासंस्थेच्या दुर्धर विकाराने रुग्णालयात होता; त्याचे गाणे कधीच थांबले होते. १९६७ मध्ये तो वारला.

दुष्काळाच्या दप्तरात बाधित गावे, स्थलांतरित माणसे आणि वाटलेली मदत यांचे आकडे असतात, आणि ते असलेच पाहिजेत. परंतु आपत्ती दैवी कोठवर आणि मानवी कोठून, ही सीमारेषा आकड्यांत सहसा दिसत नाही. या बारा बाजूंवर ती स्पष्ट ऐकू येते.