रस्ता करणारे हात



मी बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात राहतो. इथल्या आउटर रिंग रोडवर दिवसा गाड्यांची इतकी गर्दी असते, की डांबरीकरण रात्रीच करावं लागतं. उशिरा फिरायला निघालो की दिसतं: दीडशे अंशांच्या आसपास तापलेलं मिश्रण, ते पसरणारा पेव्हर, मागे रोलर आणि फावड्यानं कडा सारख्या करणारी माणसं. सकाळी त्यावरून हजारो लोक कचेरीला जातात. रात्री तिथे कोण राबलं, हे कुणी विचारत नाही.

मी विचारतो, कारण सैन्यातली माझी बरीच वर्षं अशाच माणसांच्या भरवशावर गेली.

सीमा सडक संघटना ७ मे १९६० रोजी स्थापन झाली. सुरुवातीला प्रकल्प दोनच: पूर्वेला ‘टस्कर’, ज्याचं पुढे ‘वर्तक’ झालं, आणि काश्मिरात ‘बीकन’. दोनच वर्षांत चीनशी युद्ध झालं. रस्ता नसेल तर जवान, दारूगोळा आणि रेशन वेळेवर पोचत नाही, हा धडा आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो.

श्रीनगर–लेह मार्गावरची झोजी खिंड साडेअकरा हजार फुटांहून उंच. तिथे एकदा दरड कोसळून आमचा ताफा अडकला. डोझरचालक दरीच्या अगदी काठावर मशीन मागेपुढे करत होता. झारखंडहून आलेले मजूर हातांनी दगड बाजूला करत होते. वाट मोकळी झाल्यावर मी एकाला हात जोडले. तो म्हणाला, ‘‘साब, जल्दी निकलो, फिर गिरेगा.’’ आम्ही निघालो. तो तिथेच राहिला.

जून २०२० मध्ये, लॉकडाउननंतर, याच मजुरांसाठी झारखंडमधल्या दुमकाहून खास रेल्वे सोडली गेली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला. २०२१ मध्ये लडाखच्या उमलिंग ला इथे १९,०२४ फुटांवर डांबरी रस्ता पोचला.

मग आपली मुलं या कामाकडे का वळत नाहीत? एक कारण आपल्या आठवणीत आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातली लाखो माणसं रस्त्यांच्या कामावर खडी फोडून जगली. रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर उभी राहिली. पोटं भरली, पण रस्त्याचं काम म्हणजे नाइलाज, ही गाठ मनात बसली.

ती आता सोडवायला हवी. रस्त्याचा खरा शत्रू पाणी. मधला उंचवटा चुकला, गटार तुंबलं किंवा खालचा थर नीट दाबला नाही, की पहिल्याच पावसात खड्डा पडतो. हे ओळखणारी नजर म्हणजे कसब आहे. पेव्हर, ग्रेडर चालवणारा, लेव्हल लावणारा, मालाची चाचणी घेणारा माणूस आज हवाच असतो. पुण्याजवळ दिघीला सीमा सडक संघटनेच्या ग्रेफ दलाचं केंद्र आहे. दहावी, आयटीआय झालेल्यांनी तिथल्या भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं.

काम कष्टाचं आणि धोक्याचं आहे, हे लपवत नाही. ठेकेदाराकडे गेलात तर हेल्मेट, बूट, विमा आणि भविष्यनिर्वाह निधी आधी विचारा. विचारताना संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

सीमा सडक संघटनेचं ब्रीद आहे: ‘श्रमेण सर्वं साध्यम्’. झोजीवर मागे राहिलेला तो माणूस हे ब्रीद जगत होता. त्याच्या शेजारी उभं राहायला आपल्या मुलांना कमीपणा वाटू नये, एवढंच माझं सांगणं.

जय हिंद.