पांझरेच्या पाटावर

ज्येष्ठ सरत आला की धुळ्याकडील माणसाचे डोळे आपोआप आभाळाकडे लागतात. पूर्वी खानदेशात शेतीचे साल आखाजीला पालटत असे. सालदाराचा जुना करार त्या दिवशी संपे व नवा ठरे. माहेरवाशिणी झोके घेऊन सासरी परतत आणि मग अवघा गाव पेरणीच्या तयारीला लागे. आज पावसाची वर्दी हातातील फोन देतो. पाऊस आजही सर्वांवर सारखाच पडतो, परंतु त्याची वाट आपण सर्व मिळून पाहतो का, हा प्रश्न पांझरेच्या काठचे जुने बंधारे पाहताना आमच्या मनात आला.

साक्री तालुक्याच्या डोंगरात उगम पावणारी पांझरा धुळ्यापर्यंत पूर्वेस वाहते आणि पुढे उत्तरेस वळून मुडावदजवळ तापीस मिळते. १८१८ साली खानदेशात इंग्रजी अंमल आला, त्याच्या कितीतरी आधीपासून या नदीवर दगडी बंधारे घालून पाटाने शेती भिजवली जात होती. या पद्धतीला 'फड' म्हणतात.

बंधाऱ्याखालच्या बागायती जमिनीचे बहुधा तीन-चार मोठे भाग, म्हणजेच फड, पाडलेले असत. एका फडात त्या वर्षी एकच पीक; एकात ऊस, तर दुसऱ्यात गहू वा ज्वारी. पुढील वर्षी पिकांची अदलाबदल होई, त्यामुळे जमिनीलाही विसावा मिळे. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन एकाहून अधिक फडांत असल्यामुळे कोणाचे सारेच शिवार पाण्यावाचून राहत नसे. कोणत्या फडात काय पेरावे, हे सारे मिळून ठरवीत. पाटकरी पाणी सोडी, जागल्या पिके राखी व त्यांच्यावर हवालदार देखरेख ठेवी. पाटातील गाळ काढावयास सर्वांनी हातभार लावायचा. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारे क्षेत्रच कमी करायचे, म्हणजे टंचाईही वाटून घ्यायची.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. ज्याच्यापाशी जमीन नव्हती, त्याला त्या पाण्यात वाटा नव्हता. आमच्या धर्मग्रामातील कित्येक कुटुंबांचे पूर्वज अशा भूमिहीनांपैकीच होते. तेव्हा जुने ते सारे सोने, असे आम्ही म्हणणार नाही.

पुढे नदीच्या वरच्या अंगास धरणे झाली आणि खालच्या बंधाऱ्यांकडे येणारा प्रवाह रोडावला. विहिरींवर विजेचे पंप बसले, त्यामागून कूपनलिका आल्या. ज्याच्या बांधात पाणी लागले, त्याला शेजाऱ्याला विचारून पेरण्याची गरज उरली नाही. आपल्या मनाजोगे पीक घेण्याची ही मोकळीक खरी आहे व तिने अनेक घरांत चार पैसेही आणले. काही गावांत फड अजून टिकून आहेत. पुष्कळ ठिकाणी पाट बुजले.

गेल्या उन्हाळ्यात घरभेटीला आम्ही एका गावी गेलो होतो. तेथे दोन सख्ख्या भावांच्या दोन कूपनलिका एकाच बांधाच्या दोन अंगांना आहेत. धाकट्याची कोरडी पडली. थोरल्याची अजून चालते. दोघेही रविवारी एकाच मिस्साबलिदानाला येतात, शांतीच्या अभिवादनाच्या वेळी एकमेकांकडे पाहून हातही जोडतात. परंतु पाण्याचा पाइप काही त्या बांधापलीकडे गेलेला नाही. थोरल्याला आम्ही विचारले, तेव्हा तो म्हणाला, ''फादर, उद्या माझीच आटली तर?'' त्याची भीती खोटी नव्हती. आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही.

परतीच्या वाटेवर एका बुजलेल्या पाटापाशी आम्ही थांबलो. 'उद्या माझे आटले तर?' ही भीती त्या काळच्या शेतकऱ्यालाही असणारच. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आमच्या पिढीला ती वेगळी सांगावी लागत नाही. फडाच्या पद्धतीत ती भीती एकट्याने उराशी बाळगण्याऐवजी पेरणीआधी सर्वांसमोर बोलून दाखवता येई आणि तिचा हिशेब आधीच होई.

यंदा मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी त्या दोघा भावांना एका ओसरीवर बसविण्याचे आम्ही मनाशी ठरविले आहे. वाचकहो, आपल्याही घराशेजारी असा एखादा बांध असेल. पाट पावसाआधीच साफ करावा लागतो, हे पांझरेकाठच्या माणसांना ठाऊक होते.