टीएनएफ : गाठींपासून सांध्यांपर्यंत

न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी १८९१ मध्ये कर्करोगाच्या रुग्णांना मुद्दाम जिवंत जंतू टोचायला सुरुवात केली. आज ऐकताना अंगावर काटा येतो. पण धावरं झाल्यावर एका रुग्णाच्या मानेवरची गाठ विरून गेल्याची नोंद त्यांनी रुग्णालयाच्या दप्तरात वाचली होती आणि त्या माणसाला शोधून काढून खातरजमाही करून घेतली होती. पुढे ते मारलेले जंतू वापरू लागले. काही गाठी खरोखरच विरल्या, पण का, हे कुणालाच सांगता येईना.

उत्तराचा धागा १९७५ मध्ये त्याच शहरात, स्लोन-केटरिंग या कर्करोग संशोधन संस्थेत सापडला. लॉइड ओल्ड आणि सहकाऱ्यांनी बीसीजी लस दिलेल्या उंदरांना जिवाणूंचं विष टोचलं आणि त्यांच्या रक्तातला द्रव गाठी असलेल्या उंदरांना दिला. त्या गाठी आतून मरू लागल्या. द्रवातल्या या घटकाला नाव मिळालं ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजेच टीएनएफ.

रक्तातून तो मिळायचा अगदी नखभर. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जेनेन्टेक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याचं मानवी जनुक ई. कोलाय जिवाणूत घातलं आणि १५७ अमिनो आम्लांचं हे प्रथिन हवं तेवढं, शुद्ध स्वरूपात बनू लागलं. त्याचा जोर तपासण्याची एक रीत पाहण्यासारखी आहे. बारीक खळग्यांच्या ताटलीत उंदराच्या एल-९२९ पेशी वाढवायच्या, वर अ‍ॅक्टिनोमायसिन आणि टीएनएफ घालायचं, रात्रभर ठेवून सकाळी जांभळा रंग ओतून धुवायचं. पेशी तगल्या तिथे रंग टिकतो, मेल्या तिथे खळगा कोरा.

कर्करोगाच्या रुग्णांना टीएनएफ टोचून पाहिलं, तेव्हा मात्र घात झाला. ताप चढे, रक्तदाब कोसळे. १९८५ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातल्या ब्रूस बॉयटलर आणि अँथनी सेरामी यांच्या कामातून उलगडा झाला: शरीर खंगवणारं त्यांचं 'कॅकेक्टिन' आणि टीएनएफ एकच होतं. उंदरांमध्ये ते आधीच अडवलं, तर जिवाणूंच्या विषाने होणारे मृत्यू घटत.

मग लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी दिशाच उलटी केली: सांध्यांची सूज भडकवणारं टीएनएफ द्यायचं नाही, रोखायचं. १९९२ मध्ये संधिवाताच्या रुग्णांवर पहिली चाचणी झाली, सुजलेले सांधे निवळले. या संशोधनातलं हे सर्वात धाडसी पाऊल म्हणावं लागेल. १९९८ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब आणि एटानरसेप्ट ही टीएनएफ रोखणारी औषधं अमेरिकेत मंजूर झाली.

पण दबलेल्या क्षयरोगाला शरीरात कोंडून ठेवण्याचं कामही टीएनएफच करतं. म्हणून ही औषधं सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करून घ्यावीच लागते. क्षय सर्रास आढळणाऱ्या भारतातल्या रुग्णांनी तर ती कधीच टाळू नये.