सेव्हर्सचा तह: सह्या होऊनही तुर्कस्तानवर लादता न आलेला तह

पहिल्या महायुद्धानंतर विजेत्या देशांनी पराभूतांसमोर पाच तह ठेवले. जर्मनीसाठी व्हर्साय, ऑस्ट्रियासाठी सेंट जर्मेन, बल्गेरियासाठी न्यूई, हंगेरीसाठी ट्रियानॉन आणि ऑटोमन साम्राज्यासाठी सेव्हर्स. ही सगळी ठिकाणं पॅरिस आणि त्याच्या आसपासची. पहिले चार तह लागू झाले. पाचव्यावर सह्या झाल्या, पण तो कधीच अमलात आला नाही.

असं का झालं?

तहात काय होतं?

१० ऑगस्ट १९२० रोजी सेव्हर्स इथल्या चिनी मातीच्या भांड्यांच्या प्रसिद्ध कारखान्यात हा तह झाला. त्यातल्या प्रमुख अटी अशा होत्या:

- अरब प्रदेशांवरचा हक्क सोडायचा.
- पूर्व थ्रेस ग्रीसला द्यायचा. स्मिर्ना (आजचं इझमीर) शहर आणि परिसराचा कारभार ग्रीसकडे सोपवायचा आणि पाच वर्षांनी तिथल्या लोकांचा कौल घेता येईल.
- पूर्वेकडे स्वतंत्र आर्मेनियाला मान्यता द्यायची. त्याची सीमा अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन ठरवतील.
- कुर्दबहुल भागाला स्वायत्तता आणि पुढे स्वातंत्र्य मागण्याची मुभा द्यायची.
- सैन्य सुमारे ५० हजारांपुरतं मर्यादित ठेवायचं.
- देशाच्या तिजोरीवर ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीच्या आयोगाची देखरेख राहील.

जर्मनीनेही व्हर्सायमध्ये प्रदेश गमावला होता, पण तिजोरीवर अशी थेट परकीय देखरेख आणि देशाची इतकी वाटणी तिच्या वाट्याला आली नव्हती.

सही करणारं सरकार कोणाचं होतं?

तहावर सही सुलतानाच्या प्रतिनिधींनी केली. पण राजधानी इस्तंबूल तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या फौजांच्या ताब्यात होती. संसद आधीच बरखास्त झाल्यामुळे तहाला तिची मंजुरी मिळालीच नाही.

दुसरीकडे, मुस्तफा कमाल यांच्या नेतृत्वाखाली २३ एप्रिल १९२० रोजी अंकारामध्ये वेगळी राष्ट्रीय सभा भरली होती. तिने हा तह फेटाळला आणि सही करणाऱ्यांना देशद्रोही ठरवलं. म्हणजे ज्यांनी सही केली त्यांच्या हातात देश नव्हता आणि ज्यांच्या मागे लोक व सैन्य उभं राहत होतं त्यांची सही नव्हती.

तह लादता का आला नाही?

चार वर्षांच्या युद्धानंतर ब्रिटन आणि फ्रान्सची पुन्हा मोठं सैन्य उतरवण्याची तयारी नव्हती. अमेरिकेच्या सिनेटने आर्मेनियाची जबाबदारी घ्यायला नकार दिला. विल्सन यांनी नोव्हेंबर १९२० मध्ये सीमा आखून दिली, तोवर अंकाराच्या फौजेने आर्मेनियाचा पराभव केलेला होता.

१९२१ मध्ये सोव्हिएत रशिया आणि फ्रान्सने अंकारा सरकारशी परस्पर समझोते केले. प्रत्यक्ष लढत राहिला तो ग्रीस. सप्टेंबर १९२१ मध्ये साकार्या नदीकाठी त्याची आगेकूच थांबली आणि ९ सप्टेंबर १९२२ रोजी तुर्की फौज स्मिर्नामध्ये शिरली.

भारताशी काय संबंध?

ऑटोमन सुलतान हा मुस्लिमांचा खलिफाही मानला जाई. युद्ध सुरू असताना, जानेवारी १९१८ मध्ये, ब्रिटिश पंतप्रधान लॉईड जॉर्ज यांनी तुर्कांची मूळ भूमी हिरावून घेण्यासाठी आपण लढत नसल्याचं जाहीर केलं होतं. १९१९ मध्ये मुंबईत खिलाफत समिती स्थापन झाली. मे १९२० मध्ये तहाच्या अटी जाहीर झाल्या, तेव्हा हा शब्द मोडल्याची भावना भारतीय मुस्लिमांमध्ये पसरली. महात्मा गांधींनी खिलाफतीचा प्रश्न असहकाराशी जोडला आणि १ ऑगस्ट १९२० रोजी आंदोलन सुरू झालं. त्याच दिवशी पहाटे मुंबईत लोकमान्य टिळकांचं निधन झालं होतं.

लोझानमध्ये काय बदललं?

२४ जुलै १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे नवा तह झाला. यावेळी तुर्की शिष्टमंडळाचे प्रमुख इस्मत पाशा वाटाघाटी करणारे होते, नुसते अटी ऐकून घेणारे नव्हते. स्मिर्ना आणि पूर्व थ्रेस तुर्कस्तानकडे राहिले. तिजोरीवरची देखरेख आणि परदेशी नागरिकांच्या कायदेशीर सवलती रद्द झाल्या. अरब प्रदेश मात्र परत मिळाले नाहीत.

गंमत म्हणजे, तुर्कस्तानने वाचवलेली खिलाफत मार्च १९२४ मध्ये त्याच देशाच्या संसदेने रद्द केली. भारतातल्या चळवळीचा आधारच संपला.

किंमत कोणी मोजली?

लोझानच्या तहात स्वतंत्र आर्मेनिया किंवा कुर्दिस्तानचा उल्लेखच नाही. १९१५ च्या हत्याकांडातून वाचलेल्या आर्मेनियन लोकांचं परतण्याचं स्वप्न तिथेच संपलं.

शिवाय ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल ठरवली. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसचे झाले. त्यातले बरेच युद्धातच जीव वाचवून पळालेले होते, त्यांची परतीची वाट बंद झाली. सुमारे चार लाख मुस्लिमांना ग्रीसमधून तुर्कस्तानात जावं लागलं. निकष भाषेचा नव्हता, धर्माचा होता. त्यामुळे तुर्की बोलणारे ख्रिश्चन ग्रीसला गेले आणि ग्रीक बोलणारे मुस्लिम तुर्कस्तानात आले.

आजच्या तुर्कस्तानच्या बहुतेक सीमा लोझानच्या तहातून आल्या आहेत. सेव्हर्सची भीती मात्र गेलेली नाही. परकीय शक्ती देशाचे तुकडे करू पाहत आहेत, या तिथल्या राजकारणात वारंवार डोकावणाऱ्या संशयाला अभ्यासक 'सेव्हर्स सिंड्रोम' म्हणतात.