भीमाशंकर अभयारण्यातील मुक्काम

भीमाशंकर अभयारण्यातील मुक्काम : पुणे, ठाणे व रायगड जिल्ह्यांच्या सीमेवर, सह्याद्रीच्या माथ्यावरील या अभयारण्यात (घोषणा १९८५, क्षेत्र सुमारे १३१ चौ. किमी.) रात्री राहण्याच्या सोयी. चिंचवडहून अंतर सुमारे १०० किमी.; वाट नाशिक फाटा, चाकण, राजगुरुनगर, वाडा अशी. पिंपरी-चिंचवडकडचे पुष्कळजण सकाळी निघून, दर्शन उरकून रात्री घरी परततात. देवाला ते चालते, शेकरूला नाही. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी उन्हे कोवळी असताना आणि कलत्या उन्हात हिंडतो. दुपारी फांदीवर आडवा पडलेला असतो. चाकणची कोंडी ओलांडून आलेल्याला बहुधा काटक्या-पानांची रिकामी घरटी तेवढी दिसतात. म्हणून जंगल पाहायचे तर मुक्काम हवाच.

देवळाजवळच्या धर्मशाळा व लॉज यात्रेकरूंच्या सोयीने चालतात. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला तेथे जागेची आशा धरू नये. वनखात्याचे विश्रामगृह जंगलाला अधिक जवळचे. त्यासाठी आधी परवानगी लागते.

खरा मुक्काम कडेच्या गावांत. घोडेगावहून डिंभे धरणाच्या काठाने आहुप्याला जाता येते. तेथे कोकणकडा आहे, देवराई आहे. महादेव कोळी कुटुंबे आधी सांगून ठेवल्यास जेवणाची आणि झोपण्याची सोय करतात : पिठले, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, सारवलेल्या जमिनीवर अंथरूण. उन्हाळ्यात अंगणात हिरडा वाळत घातलेला असतो. त्यावरून चालू नये, ती वर्षाची कमाई असते. कर्जतकडून शिडी घाट किंवा गणेश घाटाने चढणारे खांडसला पाठ टेकतात.

पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची बुरशी रात्री हिरवट उजळते आणि ती पाहण्यासाठी हौशी झुंडी येतात. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणे किंवा तंबू ठोकणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या विरुद्ध आहे. शिवाय विजेऱ्यांच्या झोतात ती बुरशी दिसतही नाही. याच दिवसांत धुक्यामुळे घाटातली गाडी संथ चालते आणि खोलीत कपडे वाळत नाहीत, तेव्हा जादा जोड घ्यावा. फोनला रेंज नसण्याचीच तयारी ठेवावी. रोख पैसे आणि पेट्रोलची व्यवस्था राजगुरुनगर किंवा मंचरलाच करून पुढे निघावे.